तुझं ऐंशी-वीसचं गणित

प्रिय मुला,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा चिडले. चिडलेल्या मनानं उत्तर लिहायचं नाही, म्हणून थोडी थांबले. तुझ्या निराशेवर माझा राग नाही. ती या वयात येते आणि जाते. तिच्यावर फुंकर घालणारी माणसं तुझ्याभोवती पुष्कळ आहेत, मी त्यातली नाही, आणि माझ्याकडून तुलाही ते नको असणार. राग आला तो एका वाक्याचा. ‘मॅडम, बुद्धी ८० टक्के आनुवंशिक असते असं वाचलं. म्हणजे माझं ८० टक्के जन्मालाच ठरून गेलंय. उरलेल्या २० टक्क्यांत मी गणितात असं काय करणार?’

गणितात एमएस्सी करणारा मुलगा हे लिहितो! ८० टक्के, पण कशाचे? एवढंही न विचारता तू वजाबाकी करून मोकळा झालास. हेच एखाद्या गणितात केलं असतंस तर मी वही परत फेकली असती.

तेव्हा आधी तो आकडा. ज्याला संशोधक हेरिटॅबिलिटी म्हणतात, ती एका माणसाच्या आतली वाटणी नसते. एखाद्या समाजात, एखाद्या काळात, माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकातला किती हिस्सा त्यांच्या जनुकांमधल्या फरकामुळे आहे, एवढंच ती सांगते. फरकाबद्दल बोलते, माणसाबद्दल नाही. हाताला पाच बोटं येणं हे पुरतं जनुकांचं काम आहे. तरीही बोटांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी मोजायला गेलास तर ती अगदी कमी भरेल, कारण ज्यांच्या हाताला चार बोटं दिसतात त्यांतल्या बहुतेकांचं पाचवं बोट यंत्रात नाहीतर अपघातात गेलेलं असतं. बोटं जनुकांनी दिली, फरक अपघातांनी केला. आता यातून ‘बोटं आनुवंशिक नाहीत’ असा निष्कर्ष काढशील का? मग बुद्धीच्या आकड्यावरून ‘माझं ८० टक्के ठरलंय’ हा निष्कर्ष कुठून काढलास?

दुसरी बाजूही बघ. चांगलं खायला-प्यायला मिळणाऱ्या समाजांत उंचीची हेरिटॅबिलिटी ८० टक्क्यांच्या आसपास असते, तुझ्याच आकड्याइतकी. आणि दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत, म्हणजे १८९६ साली जन्मलेल्यांपासून १९९६ साली जन्मलेल्यांपर्यंत, सुमारे २० सेंटिमीटरनं वाढली. एका शतकात माणसांची जनुकं अशी बदलत नाहीत. अन्न बदललं, बालपणीचे आजार हटले. बुद्ध्यंकाचंही तेच. १९८० च्या दशकात संशोधक जेम्स फ्लिन यांनी जुन्या-नव्या चाचण्या ताडून पाहिल्या तेव्हा अनेक देशांत दर दशकाला सरासरी तीनेक गुणांची वाढ निघाली. पुढे नॉर्वेत १९७५ च्या सुमारानंतर जन्मलेल्या मुलांचे गुण घसरताना दिसले. एकाच घरातल्या भावाभावांची तुलना केली तरी घसरण तेवढीच होती. चढ आणि उतार, दोन्ही इतक्या थोड्या वर्षांत! जनुकांना एवढी घाई नसते.

आता आनुवंशिकता शिकवताना जी गोष्ट मी प्रत्येक वर्षी वर्गात सांगायचे ती तुलाही सांगते. ऐकली असशील तर पुन्हा ऐक.

१९३४ साली नॉर्वेत एक आई आपली दोन मुलं घेऊन आस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांकडे गेली. दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ खुंटलेली होती. त्याआधी अनेक डॉक्टरांनी तिला परत पाठवलं होतं. तिचं म्हणणं एकच होतं, की मुलांच्या लघवीला एक विचित्र वास येतो, तो कसला ते कुणीतरी बघा. फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड घातलं तर नमुना हिरवा झाला. तिथून त्यांनी ते द्रव्य वेगळं काढलं आणि आज आपण ज्याला फेनिलकीटोन्यूरिया म्हणतो तो आजार जगाला कळला. आई आणि वडील दोघांकडून एका जनुकाची बिघडलेली प्रत आली, की शरीराला प्रथिनांमधलं फेनिलअ‍ॅलनिन मोडता येत नाही. ते रक्तात साचतं आणि वाढत्या मेंदूची नासधूस करतं. याहून जास्त आनुवंशिक आणखी काय असू शकतं? तुझ्या भाषेत शंभर टक्के ठरलेलं, वजाबाकीला काही शिल्लकच नाही.

पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीला फेनिलअ‍ॅलनिन अगदी कमी असलेला आहार दिला, आणि ती सुधारू लागली. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर होणारी चाचणी रूढ केली. आज जिथे ही चाचणी सरसकट होते, तिथे असं बाळ पहिल्या काही आठवड्यांतच त्या आहारावर जातं आणि इतर मुलांसारखं शिकतं, मोठं होतं. त्याचं जनुक दुरुस्त झालेलं नसतं. ते तसंच असतं, मरेपर्यंत. फक्त ताटातलं अन्न बदलतं.

मला तुला सांगायचंय ते एवढंच आहे, आणि या पत्रात तू ते पुन्हा पुन्हा वाचशील, कंटाळलास तरी: परिस्थिती बदलून पाहिल्याशिवाय स्वतःवर निकाल द्यायचा नाही. जनुकं काय आहेत हा प्रश्न परिस्थितीशिवाय विचारताच येत नाही. त्या आईच्या दोन मुलांकडे बघून १९३४ साली कुणीही म्हटलं असतं, ‘यांच्या नशिबातच नाही.’ आणि तो निकाल त्या दिवसापुरता खरा ठरला असता, कारण तोवर कुणी ताट बदलून पाहिलंच नव्हतं.

उंदरांवरचा एक प्रयोगही तुझ्या कामाचा आहे. चक्रव्यूहातून वाट काढण्यात तरबेज आणि त्यात मठ्ठ, असे उंदरांचे दोन वंश पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केले होते. १९५८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात कूपर आणि झुबेक यांनी या दोन वंशांची पिल्लं वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवली. नेहमीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या हुशार उंदरांच्या सरासरी ११७ चुका झाल्या, मठ्ठांच्या १६४. निवड चोख झाली होती, फरक जनुकांचाच होता. पण खेळायला काही नाही, बघायला काही नाही अशा उजाड पिंजऱ्यात वाढवलं, तिथे दोन्ही वंश १७० चुकांवर आले. हुशारांची हुशारी गेली कुठे? आणि बोगदे, उतरत्या फळ्या, हलत्या वस्तू असलेल्या भरगच्च पिंजऱ्यात हुशारांच्या १११ चुका झाल्या, मठ्ठांच्या १२०. उंदीर मोजकेच होते आणि माणूस उंदीर नव्हे, हे मला कळतं. तू ते लिहून पाठवायची तसदी घेऊ नकोस. पण या सहा आकड्यांपुढे बसून मला सांग, त्या मठ्ठ उंदरात ‘किती’ बुद्धी होती? १६४ चुकांची, १७० चुकांची की १२० चुकांची? कुठल्या पिंजऱ्यात, हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

आता तू लगेच उलट्या टोकाला धावशील, मी तुला ओळखते. ‘म्हणजे मेहनत केली की कुणालाही काहीही जमतं!’ नाही जमत. ‘दहा हजार तास सराव करा, कशातही तरबेज व्हाल’ हा मंत्र जपणारे मला तुझ्या ८०-२० वाल्यांइतकेच नकोसे आहेत. अर्जेंटिनातल्या बुद्धिबळपटूंच्या एका अभ्यासात मास्टर दर्जा गाठायला एकाला सुमारे ३००० तास पुरले, दुसऱ्याला २३००० हून जास्त लागले, आणि तितकेच तास घालूनही काहींना तो मिळाला नाही. सरावाच्या अनेक अभ्यासांची २०१४ साली एकत्र छाननी झाली. तिच्यात सरावानं कामगिरीतल्या फरकाचा बुद्धिबळासारख्या बैठ्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ टक्के आणि मैदानी खेळांत १८ टक्के भाग उलगडला. कमी नाही, पण सगळं तर अजिबात नाही. त्याच वर्षी स्वीडनमधल्या १० हजारांहून जास्त जुळ्यांचा अभ्यास आला. त्यात असं दिसलं की किती सराव करावासा वाटतो, यातही आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. म्हणजे चिकाटी ही जनुकांच्या बाहेरची, निव्वळ आपल्या मर्जीची गोष्ट, असं ज्यांना वाटतं त्यांची पंचाईतच झाली.

हे लोक पोल्गार बहिणींचं नाव मोठ्या उत्साहानं घेतात. हंगेरीतल्या लास्लो पोल्गार यांनी मुली जन्मण्याआधीच ठरवलं होतं की प्रतिभा घडवता येते, आणि तिघी मुलींना घरी शिकवून बुद्धिबळात घातलं. सुसान आणि जुडिट ग्रँडमास्टर झाल्या. जुडिट १९९१ साली, पंधरा वर्षं आणि काही महिन्यांची असताना झाली आणि तिनं सर्वांत लहान वयात ग्रँडमास्टर होण्याचा बॉबी फिशरचा विक्रम मोडला. वाखाणण्यासारखंच आहे. पण तिघींचे आई-वडील तेच, घर तेच, पट तोच, आणि तरी जुडिट जगातल्या पहिल्या दहांत पोहोचली, सोफिया ग्रँडमास्टरच्या खालच्या, आंतरराष्ट्रीय मास्टर या दर्जापर्यंत. एकाच भरगच्च घरात तीन वेगवेगळ्या उंच्या. त्या घराशिवाय तिघींपैकी एकही तिथे पोहोचली नसती, हेही तितकंच खरं. या गोष्टीतून जनुकं वगळलीस तरी ती अर्धी राहते, घर वगळलंस तरी अर्धी राहते. मला अर्ध्या गोष्टी सांगणाऱ्यांचा कंटाळा आलाय.

तुझ्या आई-वडिलांबद्दल तू लिहिलंस ते मला खरं तर सगळ्यात जास्त लागलं. ‘घरात कुणालाच गणित येत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ अरे, त्या आडात कुणी कधी पोहरा सोडला होता का? तुझ्या आईला गणित जमलं नाही, की मिळालंच नाही? विचारलंयस तिला कधी? आई-वडिलांनी काय केलं यावरून त्यांच्यात काय होतं हे ठरवणं म्हणजे उजाड पिंजऱ्यातल्या उंदराच्या चुका मोजणं. शिवाय तू त्यांची बेरीजही नाहीस, सरासरीही नाहीस. प्रत्येकाकडून निम्मी जनुकं तुला मिळाली, पण कुठली निम्मी, हे प्रत्येक अपत्यागणिक नव्यानं पिसलं जातं. म्हणून सख्खी भावंडं एकमेकांपासून इतकी वेगळी निघतात. तुझ्यात जी जुळणी झाली ती याआधी कधी झालेली नाही आणि पुन्हा होणार नाही. त्या जुळणीवर निकाल द्यायला तुझ्या घराण्यातला कुणाचाच दाखला उपयोगी पडणार नाही.

आता माझ्या बहिणीबद्दल. तुला हे सांगावं की नाही, यावर बराच विचार केला.

मला धाकटी बहीण आहे. मी लवकर वाचायला लागले, ती उशिरा लागली. फरक तेवढाच होता, तसूभर. पण आमच्या घरात त्यावरून ठरून गेलं की थोरली हुशार आहे आणि धाकटी कामसू आहे. घरात वाईट कुणीच नव्हतं, कुणी तिला बोललंही नाही. मला मात्र अभ्यासाचं मेज मिळालं, मेजावरचा दिवा मिळाला, मी वाचत असताना घरातली माणसं हळू बोलायची. मला एक कोडं सुटलं की लगेच पुढचं मिळायचं. तिचं एक चुकलं की तिला त्यातून मोकळं करायचे, ‘राहू दे, तुला नाही जमायचं, ये इकडे.’ मायेनंच म्हणायचे. काही वर्षांनी शाळेच्या चाचणीत आम्हा दोघींत मोठा फरक निघाला आणि घरातल्यांना आपलं बरोबर होतं याचा पुरावा मिळाला.

विल्यम डिकन्स आणि जेम्स फ्लिन यांनी २००१ साली नेमकं हेच गणितात मांडलं. सुरुवातीचा छोटासा फरक माणसाला थोडी बरी परिस्थिती मिळवून देतो, ती परिस्थिती फरक वाढवते, वाढलेला फरक आणखी चांगली परिस्थिती ओढून आणतो. शेवटी हिशेब मांडणारा त्या सगळ्या गुणाकाराचं श्रेय सुरुवातीच्या जनुकांच्या खात्यात टाकतो. तो लेख वाचला तेव्हा माझं वय बरंच झालं होतं. मी तो खाली ठेवला आणि बहिणीला फोन केला, पण बोलले भलतंच. आजही हिशेबाची लांबलचक बेरीज ती माझ्याआधी करते, तोंडी. मला जे काही येतं त्यातलं माझं किती आणि त्या मेजाचं किती, हे मला सांगता येत नाही. आनुवंशिकता शिकवण्यात सगळी हयात घालवूनही नाही. म्हणून कुणी एका माणसाबद्दल टक्केवारी सांगायला लागलं की माझा तोल जातो. तुझ्यावरही गेला, ते त्यामुळे.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा पटली. आपल्याला वाटतं की लहानपणी जनुकांचा जोर जास्त असेल आणि वय वाढेल, जगाचे टक्केटोणपे बसतील, तसा तो कमी होत जाईल. मोजून पाहिलं तर नेमकं उलट निघतं. चार देशांतल्या ११ हजार जुळ्यांच्या जोड्यांमध्ये बुद्धीची हेरिटॅबिलिटी नवव्या वर्षाच्या सुमारास ४१ टक्के, बाराव्या वर्षी ५५ आणि सतराव्या वर्षी ६६ टक्के भरली. कारण लहानपणी परिस्थिती दुसरे ठरवतात. मोठं झालं की माणूस आपल्या कलानं मित्र निवडतो, पुस्तकं निवडतो, काम निवडतो, नको ते टाळतो. म्हणजे त्या वाढलेल्या आकड्याच्या पोटात माणसानं निवडलेली परिस्थिती दडलेली आहे. तू घाबरलास तो ८० चा आकडा असाच मोठ्या माणसांचा आहे. ज्या आकड्यात माणसाच्या निवडी मुरलेल्या आहेत, तोच आकडा पुढे करून तू निवड करणं सोडून द्यायला निघालायस!

आणि तो आकडा सगळीकडे सारखाही नसतो. २००३ साली एरिक टर्कहायमर यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवर अभ्यास केला. खात्यापित्या घरांत जनुकांचा वाटा मोठा निघाला, गरीब घरांत जवळजवळ शून्य. युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत मात्र ही दरी तशी दिसली नाही. बहुधा जिथे गरिबाच्या मुलालाही शाळा आणि दवाखाना बरा मिळतो, तिथे ती दिसायचं कारणच उरत नाही. निदान मी तरी त्याचा अर्थ असाच लावते.

ज्यांनी घाईघाईनं निकाल दिले त्यांचं काय झालं, तेही बघ. फ्रान्सिस गॉल्टन, ज्यांच्यापासून हा सगळा ‘जन्मजात की घडवलेलं’ वाद शास्त्रात शिरला, ते केंब्रिजला गणिताच्या मानाच्या परीक्षेची तयारी करता करता आजारी पडले आणि साधी पदवी घेऊन बाहेर आले. १८६९ साली त्यांनी आनुवंशिक प्रतिभेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा माणसांच्या कुवतीत निसर्गतःच केवढं अंतर असतं हे दाखवायला त्याच परीक्षेचे गुण वापरले. कुणाच्या मनात काय असतं ते आपण कसं सांगणार, पण मला ते पान वाचताना नेहमी एक थकलेला विद्यार्थी दिसतो. आणि लुईस टर्मन यांनी १९२१ पासून बुद्ध्यंक चाचणी लावून कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर असामान्य मुलं निवडली. चाचणीत पुरेसे गुण न पडल्यामुळे गळालेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ साली. निवडलेल्यांपैकी एकालाही मिळालं नाही. याहून मोठा विनोद म्हणजे हेच शॉकली उतारवयात बुद्ध्यंक जन्मजात असतो आणि त्यावरून माणसांची प्रतवारी करावी असं सांगत हिंडले. ज्या गाळणीनं त्यांना गाळलं, तीच हातात घेऊन!

मीही अशा एका गाळणीपुढे उभी राहिले होते. जिथे मी शिकवत होते तिथे प्रवेशाच्या वेळी एक चाचणी घेऊन मुलांचे दोन गट पाडायचं ठरलं. वरच्या गटाला चांगले शिक्षक, जास्त तास, प्रयोगशाळा. खालच्याला उरलंसुरलं. मी वरच्या गटाला शिकवायला नकार दिला आणि खालचा मागून घेतला. मला हट्टी म्हणाले, भावनाप्रधान म्हणाले. विभागप्रमुखपद माझ्यावरून पुढे गेलं ते गेलंच. यात भावना कसली होती? चाचणी घ्यायची, तिच्यावरून परिस्थिती ठरवायची आणि मग त्या परिस्थितीचा परिणाम मोजून ‘बघा, चाचणी बरोबर होती’ म्हणायचं, हे शास्त्र आहे का? माझ्या आईनं केलं तर ते अजाणता झालं, पण हे लोक तर जाणते होते. माझ्या गटातली सगळी मुलं चमकली असं मी म्हणणार नाही. काही चमकली, बरीच बेतास बात राहिली. त्यावरून मला आजही टोमणे ऐकावे लागतात. पण सगळी चमकतील असं मी म्हटलंच कधी होतं? मी म्हणत होते ते एवढंच, की आधी द्या, मग मोजा. जाऊ दे. पत्र तुझं आहे.

तर तू काय करायचंस. तुझ्या पत्रातूनच मला तुझी परिस्थिती दिसते आहे: एकटा खोलीत बसून व्याख्यानांच्या चित्रफिती बघतोस, सिद्धता वाचतोस, वाचलं की समजल्यासारखं वाटतं, स्वतः लिहायला घेतलं की अडतं. तुझं लिहिलेलं कुणी तपासत नाही. चर्चेत तो दुसरा मुलगा झटकन उत्तर देतो आणि तू गप्प होतोस. त्याच्या घरी लहानपणापासून गणितावर गप्पा होतात, हेही तूच लिहिलंयस, आणि तरी त्याच्या वेगाचं कारण तुला त्याच्या जनुकांत सापडलं! याला मी उजाड पिंजरा म्हणते. त्यात राहून तू कमी आहेस की नाही हे तुलाच काय, मलाही कळणार नाही.

तेव्हा आठवड्यातून दोनदा कुणासमोर तरी फळ्यावर सिद्धता मांडायची, तीही अशा माणसासमोर, जो मध्येच अडवेल. तुझ्यापेक्षा थोडं जास्त येणाऱ्यांत बस. खूप जास्त येणाऱ्यांत बसलास तर ऐकण्यापलीकडे काही करणार नाहीस. चित्रफिती अर्ध्यावर आण. बीजगणितापेक्षा संख्यांच्या रचनांच्या कोड्यांत तुझं मन जास्त रमतं, हे मी वर्गात पाहिलंय. त्या बाजूचा एक विषय घे आणि त्याला वर्षभर तरी धरून राहा. शिकण्यानं चाचणीतले गुण हलतात, याचेही पुरावे आहेत: सहा लाखांहून जास्त माणसांच्या माहितीवर आधारलेल्या २०१८ सालच्या छाननीत शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे बुद्ध्यंक १ ते ५ गुणांनी वाढलेला दिसला. पण तू गुणांसाठी करू नकोस. एवढं करूनही पुढच्या वर्षी गणित सोडावंसं वाटलं, तर खुशाल सोड. मी एका शब्दानं अडवणार नाही, दुसरं काय करावं यावरही बसून बोलू. तो तुझा निकाल असेल, परिस्थिती बदलून पाहून दिलेला. आजचा निकाल मला मान्य नाही.

आणि ती जनुक चाचणी, जिची जाहिरात तू पत्राला जोडली आहेस. ३० लाखांच्या आसपास माणसांचा डीएनए तपासून २०२२ साली जो सर्वांत मोठा अभ्यास झाला, त्यातून बांधलेल्या, जनुकांवरून काढायच्या गुणांकानं माणसं किती वर्षं शिकतात यातल्या फरकाचा १२ ते १६ टक्के भाग सांगता येतो. लाखो माणसांच्या सरासरीसाठी हे मोलाचं आहे, एकट्या तुझ्यासाठी जवळजवळ निरुपयोगी. शिवाय त्यात निव्वळ तुझी जनुकं बोलत नाहीत. आइसलँडमध्ये २०१८ साली असं दिसलं, की आई-वडिलांची जी जनुकं मुलांकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलांच्या शिक्षणावर परिणाम होतो, आलेल्या जनुकांच्या तुलनेत जवळजवळ तीस टक्के. कसा? तर त्या जनुकांनी आई-वडील घडले आणि आई-वडिलांनी घर घडवलं. आता सांग, या परिणामाला जनुकं म्हणशील की परिस्थिती?

लाळेची कुपी पाठवली नसशील तर पाठवू नकोस. पाठवली असशील तर येणारा आकडा मला कळवू नकोस, तू पत्रात लिहिलेल्या ऑनलाइन बुद्ध्यंक चाचणीतल्या ११२ चाही पुन्हा उल्लेख नको. त्याऐवजी न सुटलेली दोन गणितं पाठव, कुठे अडलास ते सविस्तर लिहून, खाडाखोड न झाकता. महिनाअखेरीपर्यंत.

आईला विचारून ठेव, तिला गणित मिळालं होतं का. उत्तर मलाही ऐकायचंय.

तुझी,
मॅडम